टोकं कापलेली दोरी

१

नव्या वर्षाच्या अकराव्या दिवशी सकाळी कुसाकांच्या घरात दोन गोष्टी उघडकीला आल्या. गेनबांच्या शिरस्त्राणाची दोरी नाहीशी झाली होती, आणि चिलखतापुढचा नैवेद्य कुणीतरी पात्यानं कापून ठेवला होता. पहिली चोरी होती. दुसरं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं होतं.

मला बोलवायला त्यांची स्वयंपाकीण कुमे बर्फातून धापा टाकत आली.

“शिगेमावशी, बाईसाहेबांनी बोलावलंय. हातातलं टाका नि चला.”

“हातातलं टाकलं तर तीन दिवसांचं ओवणं उसवेल, बये. आधी काय झालं ते सांग.”

तिनं सांगितलं आणि मी हातातलं टाकलं.

मी चिलखतं ओवते. लाखेनं रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या एकीखाली एक रेशमी दोरीनं बांधायच्या, म्हणजे माणूस वाकला की चिलखत त्याच्याबरोबर वाकतं. आजा हेच करायचा, बाप हेच करायचा, आणि बापाला मुलगा झाला नाही म्हणून हिमुरोच्या गढीतली अर्धीअधिक चिलखतं गेली चाळीस वर्षं माझ्या बोटांखालून जातात. तलवारीचं कौतुक सगळेच करतात. पण तलवार चुकली तर माणसाला वाचवते ती माझी दोरी. हे मी कुणालाही तोंडावर सांगते, समोर दोन तलवारी खोचलेला लढवय्या का असेना.

कुसाकांच्या बैठकीत चिलखत आपल्या पेटीवर बसवलेलं होतं, घरचा कुणी वडीलधारा बसावा तसं. वर शिरस्त्राण, त्याच्या कडेच्या कड्या रिकाम्या. पुढं तबकात कुटलेल्या भाताचे दोन चपटे गोळे, एकावर एक. वरचा मधोमध दुभंगलेला.

हा गोळा आमच्यात कापत नाहीत. घरधनी तो लाकडी हातोडीनं फोडतो, आणि ‘फोडला’ असंही म्हणत नाहीत, ‘वाढवला’ म्हणतात. चिलखतापुढं ‘कापणं’ या शब्दाला एकच अर्थ आहे, स्वतःचं पोट कापून मरणं. ज्या घरात चिलखत आहे तिथल्या तीन वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं.

आणि ती दोरी. एकशे साठ वर्षांपूर्वी तोदोरोच्या उतारावर शत्रूला अडवायला गेनबा कुसाका अकरा माणसं घेऊन गेले. निघताना त्यांनी शिरस्त्राणाची दोरी हनुवटीखाली बांधली आणि गाठीखाली लोंबणारी टोकं छाटून टाकली. टोकं छाटली की बघणाऱ्याला कळतं, हा माणूस ही गाठ पुन्हा सोडणार नाही. दिवस मावळेपर्यंत त्यांनी उतार धरून ठेवला. शत्रूच्या सेनापतीनं त्यांचं शिर शिरस्त्राणासकट मानानं परत पाठवलं. गाठ तशीच होती, आणि तेव्हापासून ती कुणी सोडली नाही. त्या दोरीच्या जोरावर आमच्या गढीच्या धन्यांच्या स्वारीत पहिला भाला कुसाकांचा असतो. ही गोष्ट सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, आणि मी तर कुसाकाही नाही.

दर वर्षी या दिवशी गढीवरून निरीक्षक येऊन दोरी पाहतात. यंदा तोदा मोंदो दुपारी येणार होते, आणि दोरी पाहून झाली की हायातोला वारस म्हणून मान्यता देणार होते. हायातो जन्मानं कुसाका नाही. सोया विकणाऱ्याचा मुलगा, मूळ नाव योकिची. घरधन्यांना मूल नव्हतं. त्यांनी याला भाला शिकवला, दत्तक घेतलं, आणि गेल्या पानगळीत तीन दिवसांच्या तापानं गेले.

मी शिरले तेव्हा हायातो चिलखतापुढं बसला होता. अंगावर पांढरे कपडे. पांढरे कोण घालतं ते मला कुणी सांगायला नको होतं.

“थंडीत यावं लागलं तुम्हाला, मावशी,” तो म्हणाला. “माझ्या राखणीत दोरी गेली. दुपारपर्यंत सापडली नाही तर मोंदोसाहेबांना मी जिवंत भेटणार नाही. तेवढ्या वेळात काही जमलं तर बघा.”

२

घरधन्यांचे धाकटे भाऊ शुमे ओसरीवर बसले होते. गढीच्या आखाड्यात तलवार शिकवतात. दोन पिढ्यांनी त्यांच्या हाताखाली घाम गाळलाय, आणि त्यांच्यासारखा हात या मुलखात दुसरा नाही. अंगरखा गळ्यापर्यंत आवळलेला, पाठ ताठ.

“चोर कशाला शोधतेस, शिगे? योकिचीनं काय केलं ते मी सांगतो. पहाटे उठला. पाहुणे येणार म्हणून दुकानात कापतात तसा गोळा कापून ठेवला. मग दोरी दिसली, जुनी, विटलेली, टोकं तुटकी. नवी लावू म्हणाला असेल, नि ही दिली कुठंतरी भिरकावून. आता चूक कळली तर पांढरे कपडे घालून बसलाय.”

“त्याचं नाव हायातो आहे, शुमेसाहेब.”

“नाव काय, सोयाच्या पिंपावरही लिहितात.”

मला राग आला, पण गिळला. “तलवार बरी चालते का त्याची?”

“त्याची? कमरेची शोभा आहे नुसती. दादानं भाल्याच्या दांड्यापलीकडे त्याला काही दिलं नाही. सहा महिने माझ्या आखाड्यात होता. काकडी कापायला दिली तर पठ्ठ्या काकडी चेचायचा. कोशिंबीर करायला ठेवा म्हटलं ह्याला.” ते हसले. एकटेच हसले.

“आणि दोरी भिरकावली म्हणता, ती कुठं?”

“ते त्यालाच विचार.”

मी मुदपाकखान्यात गेले. कुमे मुळा किसत होती आणि डोळे पुसत होती.

“गोळा तुझ्या सुरीनं कापला का गं कुणी?”

“माझ्या सुरीनं? मावशी, अकरा दिवस वाळलाय तो. धोंडा नुसता. सुरी लावली असती तर सुरीचेच दोन तुकडे झाले असते.”

“बाहेर कोण गेलं सकाळपासून?”

“मीच, तुम्हाला आणायला. अंगणात बघा ना, आपल्या दोघींचीच पावलं आहेत. मागं विहिरीपर्यंत हायातोसाहेबांची नि माझी आहेत, पलीकडं कुणाचंच पाऊल नाही.”

“विहिरीत टाकली असेल?”

“मावशी, आरडाओरड झाल्यावर मी पाणी शेंदून बघितलं. बादलीत नुसतं पाणी आलं. मग बाईसाहेबांनी माझ्याकडून तळापर्यंत गळ फिरवून घेतला. काही नाही.”

“चुलीत काही जळलं? रेशीम जळलं की केस जळल्याचा वास सुटतो.”

“पहाटेपासून चूल मीच बघतेय. शेगड्याही मीच भरल्या. मिसोच्या कढणाशिवाय कसला वास नाही.”

म्हणजे दोरी घरातच होती, अख्खी. मी बैठकीत परत आले आणि गोळ्याचा अर्धा तुकडा हातात घेतला. काप गुळगुळीत. कडेला एक तडा नाही, एक कण सांडलेला नाही. एकच घाव. मग मी खालचा गोळा निरखून पाहिला.

वरचा धोंडा पार दुभंगला होता, आणि खालच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

३

“तू कधी उठलास?” मी हायातोला विचारलं.

“तांबडं फुटायच्या आधी. इथं बसलो. फटफटल्यावर विहिरीवर गेलो. वीस बादल्या गार पाणी अंगावर घ्यायचं असतं. परत आलो तेव्हा हे असं होतं.”

“घरात जागं कोण होतं?”

“आई, काका, कुमे.”

“संशय कुणाचा?”

“घरच्या माणसांवर संशय घेणारा मी कोण?”

“वारस.”

“अजून नाही,” तो म्हणाला.

“काका म्हणतात तू अडाण्यासारखा गोळा कापलास.”

पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “गोळा वाढवतात, मावशी. पहिल्याच वर्षी बाबांनी सांगितलं. बाबा जे जे सांगायचे ते मी रोज लिहून ठेवायचो. चिलखताकडे पाठ करायची नाही, तलवार ओलांडायची नाही, पाहुण्याची तलवार उघड्या हातानं घ्यायची नाही. जे जन्मानं मिळतं ते माणसाला विसरता येतं. मला ती सोय नाही.”

“मग हे ओरडून सांग की सगळ्यांना. तोंड शिवलंय का तुझं?”

“मी काकांना खोटं पाडायचं? बाबांच्या सख्ख्या भावाला?” त्यानं मान हलवली. “राखण माझी होती, मावशी. बाकी काय बोलायचं?”

असा संताप आला मला. मरायला तयार, पण तोंड उघडायला नाही. आणि खरं सांगू, त्याच वेळी मला त्याचा अभिमानही वाटला.

“एवढं तरी सांग. घरची गाठ तुला येते?”

“नाही. ती मान्यतेच्या दिवशी बाप मुलाला शिकवतो. बाबा राहिले नाहीत, म्हणून आज काका शिकवणार होते.”

कुसाकांची गाठ हे एक प्रकरणच आहे. चाळीस वर्षं मी ती पाहत आले. दोरीतलं मला कळत नाही असं फारसं काही नाही, पण त्या गाठीचं कुठलं टोक आधी ओढायचं ते मलाही सांगता येणार नाही. घरातल्या पुरुषांशिवाय कुणाला ते शिकवत नाहीत, बायकांनासुद्धा नाही.

मी शिरस्त्राणाला नमस्कार केला आणि ते दोन्ही हातांनी उचललं. खालच्या कापडावर गाठीच्या जागी चिमूटभर रेशमी भुगा पडला होता. निळा. नुकत्या रंगवलेल्या रेशमासारखा गर्द निळा.

गेनबांची दोरी वरून राखाडी झालेली आहे. एकशे साठ वर्षांच्या उजेडानं तिचा रंग खाल्ला. पण गाठीच्या पोटात उजेड कधी शिरलाच नाही. तिथली नीळ तशीच राहिली. तो भुगा कापडावर पडायचा तर एकच वाट होती. कुणीतरी गाठ सोडली होती. आणि भुगा चिमूटभरच, तुटलेला धागा एकही नाही. माहीत नसलेला माणूस नखं लावून, दात लावून झगडला असता आणि अर्धी दोरी इथंच सांडली असती. ही गाठ पहिल्या ओढीतच सुटली होती.

ज्यानं गोळा कापला त्याच्या हातात पातं होतं. मग दोरी घ्यायला त्यानं तेच पातं का चालवलं नाही?

४

ताएबाईसाहेब आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलणं मोजकं. नवरा गेला तेव्हाही चारचौघांत रडल्या नाहीत.

“काही लागलं हाताला?” त्यांनी विचारलं.

“लागलं. पण आधी तुम्ही सांगा. आज सकाळी घरात नेहमीसारखं काय नव्हतं? बारीकसारीकही चालेल.”

त्यांनी विचार केला. “भावजींनी शिरस्त्राणाला नमस्कार केला नाही. आरडाओरड झाली तसे ते आले, दारातूनच पाहिलं आणि ओसरीवर जाऊन बसले. या घरात आल्यापासून तीस वर्षं बघतेय, ते नमस्कार केल्याशिवाय त्या खोलीसमोरून पुढं जात नाहीत. ताप असला तरी.”

“का केला नसेल?”

“मला वाटलं, धक्का बसला असेल.”

“बाईसाहेब,” मी म्हटलं, “नमस्कार लोखंडाला करायचा नसतो ना. दोरीला करायचा असतो. आणि ती तिथं नाही हे त्यांना आत न येताच ठाऊक होतं.”

मण्यांवरचं त्यांचं बोट थांबलं.

“शिगे, तू काय म्हणतेयस ते तुला कळतंय का?”

“कळतंय. बोलले नाही तर पोरगा मरेल, हेही कळतंय.”

तेवढ्यात कुमे धावत आली. मोंदोसाहेब वेशीवर आले होते. ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी.

५

मी शुमेसाहेबांना बैठकीत बोलावलं. बाईसाहेब आल्या. हायातो होता तिथंच होता, पण आता त्याच्यापुढं कट्यार ठेवलेली होती, पांढऱ्या कागदात गुंडाळून.

“शुमेसाहेब,” मी म्हटलं, “हा गोळा हायातोनं कापला नाही. तुम्हीच सांगितलंत, त्याला काकडी कापता येत नाही. हा धोंडा एका घावात कापलाय, आणि पातं खालच्या गोळ्याला शिवायच्या आत थांबलंय. असा हात हिमुरोत एकच आहे. तुम्हाला अडाण्याचं सोंग करायचं होतं. मग करवतायचा होतात, ठेचायचा होतात. पण तुमच्या हाताला वाईट कापणं जमलंच नाही.”

त्यांचा चेहरा हलला नाही. “आखाड्यात माझे चेले आहेत. एखादा घरात शिरला असेल.”

“असेलही. चेला तलवार शिकतो. गाठ नाही शिकत.” मी तो निळा भुगा तळहातावर घेऊन पुढं धरला. “हा गाठीच्या पोटातला आहे. दोरी कापलेली नाही, सोडलीय, पहिल्या ओढीत. ती गाठ येणारा माणूस आज एकच उरलाय. आणि उपसलेलं पातं हातात असताना ज्यानं त्या दोरीला पातं लावलं नाही, तो चोर नव्हे, साहेब. तो कुसाका आहे.”

दूर रस्त्यावर घोड्यांच्या नालांचा आवाज येत होता.

“मी तुमची झडती घेणार नाही,” मी म्हटलं. “माझी तेवढी पायरी नाही. पण ती दोरी तुम्ही जाळली नाहीत, टाकली नाहीत, जमिनीवरसुद्धा ठेवली नसेल. ती कुठं आहे ते मला ठाऊक आहे. सकाळपासून तुम्ही अंगरखा सैल केलेला नाही.”

शुमेंनी हात अंगरख्यात घातला. रेशमी रुमालात गुंडाळलेली दोरी छातीशी होती. त्यांनी ती कपाळाला लावली आणि मग बोलले.

“दादानं मला विचारलंसुद्धा नाही. मी इथं जन्मलो. या दोरीपुढं रांगलो. आणि पहिला भाला एका सोयावाल्याच्या पोराला? हा मरावा असं मला वाटत नव्हतं, वहिनी. परत जावा, एवढंच. पांढरे कपडे घालून बसेल असं वाटलं नव्हतं. सोयावाल्याचा पोर असं करेल असं वाटलं नव्हतं.”

“मी सोयावाल्याचाच आहे, काका,” हायातो म्हणाला. त्यानं कपाळ चटईला टेकवलं. “म्हणूनच मला गाठ येत नाही. शिकवा.”

शुमेंनी त्याच्याकडे पाहिलं. मग शिरस्त्राणाला वाकून नमस्कार केला, सकाळचा राहिलेला, आणि कड्यांमधून दोरी ओवली. त्यांनी हात झाकले नाहीत. एकेक वेढा सावकाश, पोराला दिसेल असा घेतला. मी भिंतीकडे तोंड करून बसले. बाईसाहेबही बसल्या. ते आम्ही बघायचं नव्हतं.

मोंदोसाहेब आले तेव्हा दोरी जागेवर होती. साठीचा माणूस, भुवया पांढऱ्या, नजर टाचणीसारखी. त्यांनी गुडघे टेकून गाठ पाहिली, छाटलेली टोकं पाहिली. मान डोलावली. मग नजर खाली तबकावर गेली. तबक हलवायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“हा कुणी कापला?”

धन्यांच्या निरीक्षकापुढं याचं उत्तर म्हणजे काय ते प्रत्येकाला कळत होतं. ज्याला ही रीत ठाऊक नाही तो पहिला भाला धरू शकत नाही. ज्यानं ठाऊक असून ती मोडली, त्याच्या हाताखाली यापुढं कोण तलवार शिकेल?

हायातो पुढं सरकला आणि हात टेकले. “साहेब, राखण माझी होती. तेव्हा दोषही...”

“थांब,” शुमे म्हणाले.

ते उठून निरीक्षकांपुढं आले. कमरेची लांब तलवार काढून उजव्या बाजूला ठेवली आणि वाकले.

“मी कापला. माझ्या हातानं, शुद्धीत असताना. दोरीही मीच सोडली होती आणि मीच परत बांधली. या पोराचा कशाशीही संबंध नाही. याला रीत ठाऊक आहे. मला ठाऊक असून मी मोडली. आखाड्याची किल्ली आजच गढीवर पोचवतो. धन्यांचं जे फर्मान येईल ते मान्य.”

मोंदोसाहेबांनी गोळ्याचा अर्धा तुकडा उचलला, काप पाहिला, खालचा अख्खा गोळा पाहिला. “हात उत्तम आहे,” ते म्हणाले. “वाया गेला. तुमचं धन्यांना सांगावं लागेल, शुमे. मी हातचं राखून सांगत नाही. पण मी आलो होतो दोरी पाहायला आणि वारस पाहायला. दोरी पाहिली. वारस कुठंय?”

“कपडे बदलतोय,” बाईसाहेब म्हणाल्या. “येईलच.” आणि त्यांनी हायातोकडे असं काही पाहिलं की तो धडपडत उठला आणि आत पळाला.

तो घरचं चिन्ह असलेला काळा अंगरखा घालून परत आला तेव्हा शुमेंनी स्वतः तबकातले दोन तुकडे बाजूला काढले. खालचा गोळा मध्ये आणला. मग लाकडी हातोडी दोन्ही हातांवर घेऊन त्याच्यापुढं धरली, सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून.

“हा अख्खा आहे,” ते म्हणाले. “घरधन्यानं वाढवायचा असतो. घ्या, हायातो.”

त्यांनी त्याला ‘घ्या’ म्हटलं ते ऐकून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. हायातोनं हातोडी घेतली आणि एकच घाव घातला. गोळ्याची चार शकलं झाली. बाईसाहेबांनी पहिलं शकल चिलखतापुढं ठेवलं, दुसरं मोंदोसाहेबांना दिलं, तिसरं शुमेंना. चौथं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं, चिलखत ओवणाऱ्या बाईच्या, आणि कुमेनं उकळून मऊ केल्यावर मी ते सगळ्यांच्या पंगतीत बसून खाल्लं.